ईएसबीत मेसेज भलत्याच वाटेला का जातो: आडनाव नसलेला माधव, ४१५ आणि प्रश्नचिन्हं झालेली नावं

प्रश्न थोडक्यात असा. विम्याच्या पोर्टलवरून एकाच साच्याची सोप रिक्वेस्ट (ठरावीक एक्सएमएल पाकिटातली विनंती) येते. पॉलिसी मोटारीची असेल तर ती जुन्या सिस्टिमकडे जायला हवी, तिला सोप १.१ कळतं. आरोग्याची असेल तर नव्या सिस्टिमकडे, तिला सोप १.२ लागतं. मध्ये डब्ल्यूएसओटू कंपनीची ईएसबी आहे, म्हणजे सिस्टिमींमध्ये मेसेजची ने-आण करणारी 'बस'. स्विच मीडिएटरमध्ये (किंमत बघून वाट ठरवणारा बसचा भाग) एक्सपाथ (एक्सएमएलमधला टॅग शोधायची भाषा) लिहिला, तर झाडून सगळे मेसेज डिफॉल्टमध्ये, म्हणजे एकही केस न जुळल्यास लागणाऱ्या वाटेने जुन्या सिस्टिमकडे, पडतात. एक्सएसएलटी (एका साच्याचं एक्सएमएल दुसऱ्या साच्यात नेणारी स्टाइलशीट) लावली तर टॅग गायब, नुसत्या किमती एकमेकींना चिकटून बाहेर येतात. स्विच काढून थेट नव्या सिस्टिमकडे पाठवलं तर ४१५ ('हा मजकुराचा प्रकार चालत नाही' असा एचटीटीपी एरर) परत येतो. शिवाय मोटारीच्या पॉलिसींमध्ये ग्राहकाचं मराठी नाव प्रश्नचिन्हं होऊन पोचतं, आरोग्याच्या चाचणीत मात्र ठीक दिसतं. चुकतंय कुठे?

तुमचा राउटिंगचा नियम चुकलेला नाही, हे आधी सांगतो, म्हणजे तो पुन्हा पुन्हा लिहिणं थांबेल. तुम्ही कन्सोलवर जो मेसेज बघताय तो आणि बसच्या हातात असलेला मेसेज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कन्सोलवर दिसतो तो पार्स करून परत छापलेला, छान इंडेंट केलेला मजकूर. त्यात हेडरची मोडतोड दिसत नाही, एन्कोडिंग दिसत नाही, आणि नेमस्पेस (टॅग कुठल्या घराण्यातला हे सांगणारी स्ट्रिंग) दिसत असूनही आपली नजर ती गाळून पुढे जाते. म्हणून पहिलं काम: टेस्ट सर्व्हरवर वायर लॉग (तारेवरून जाणाऱ्या कच्च्या बाइटची नोंद) चालू करा आणि एक मेसेज आत येताना व बाहेर जाताना बाइट-न्-बाइट कसा दिसतो ते वहीत उतरवल्यासारखं बघा. काम झालं की लॉग बंद करा. त्यात ग्राहकांचे मोबाइल नंबर आणि जन्मतारखा पडून राहतात, आणि प्रॉडक्शनवर तो विसरला तर डिस्क दुपारपर्यंत भरते.

आता स्विच. तुमच्या पोर्टलच्या मेसेजमध्ये एकाही टॅगला प्रीफिक्स (टॅगच्या नावाआधी लागणारं नेमस्पेसचं आखूड टोपणनाव) नसणार, कारण सगळ्यात बाहेरच्या टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली असते आणि आतल्या सगळ्या टॅगना ती आपोआप लागू होते. ते बघून तुम्ही एक्सपाथमध्येही दोन स्लॅश आणि पुढे नुसतं टॅगचं नाव लिहिलंत. एक्सपाथ १.० हे १९९९ सालचं मानक आहे आणि त्यात एक गोष्ट ठाम आहे: प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे 'कुठल्याही नेमस्पेसमधलं' नव्हे, तर 'कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं'. वाड्यात जाऊन 'माधव' अशी हाक मारली तर कुठल्याही आडनावाचा माधव ओ देईल असं आपल्याला वाटतं. एक्सपाथ मात्र ज्याला आडनावच नाही असा माधव शोधत फिरतो. तो मिळत नाही, किंमत रिकामी येते, रिकाम्या किमतीला एकही केस जुळत नाही, आणि मेसेज डिफॉल्टमध्ये. एररही येत नाही, कारण बसच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. स्विचच्या टॅगवरच एक प्रीफिक्स जाहीर करा, त्याला पोर्टलच्या डब्ल्यूएसडीएलमधली (सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलमधली) नेमस्पेस द्या, आणि एक्सपाथमध्ये तो प्रीफिक्स वापरा. प्रीफिक्स तुमच्या मनाचा चालतो. मेसेजमध्ये जो आहे तोच हवा असं नाही. नेमस्पेस मात्र अक्षर-न्-अक्षर तीच हवी. ती दिसते वेबच्या पत्त्यासारखी, पण पत्ता म्हणून ती कुणी उघडत नाही, नुसती स्ट्रिंग म्हणून ताडून बघितली जाते. शेवटचा एक स्लॅश जास्त पडला तरी दुसरी नेमस्पेस झाली. एका ठिकाणी सुरक्षेची मोहीम निघाली तेव्हा कुणीतरी उत्साहाने सगळ्या रिपॉझिटरीत एचटीटीपीचं एचटीटीपीएस करून टाकलं होतं. एंडपॉइंट (सर्व्हिसचे पत्ते) सुधारले, आणि सोबत नेमस्पेसही 'सुधारल्या'. सोमवारी सकाळी एकही मेसेज कुठेच जाईना. दीड दिवस आम्ही सर्टिफिकेट तपासत बसलो होतो.

लोकल-नेम फंक्शनची पळवाट तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल: नेमस्पेसकडे दुर्लक्ष करा आणि नुसतं नाव जुळवा. चालते. एखाद्या रात्रीची आग विझवायला मीही वापरली आहे. पण पोर्टलने उद्या सर्व्हिसची दुसरी आवृत्ती नव्या नेमस्पेसमध्ये आणली, तर हा एक्सपाथ ती निमूटपणे गिळेल आणि जुन्या सिस्टिमकडे ढकलेल. नेमस्पेस बदलली की राउटिंग मोडावं, हीच तर अपेक्षा आहे. आणि डिफॉल्ट केसमध्ये 'जुनी सिस्टिम' असं लिहून ठेवू नका. डिफॉल्टमध्ये फॉल्ट (सोपचा एरर-मेसेज) परत पाठवा. आज तुमचे आरोग्याचे मेसेज गुपचूप मोटारीच्या सिस्टिमकडे जात होते, ते तिने नाकारले म्हणून कळलं. तिने स्वीकारले असते तर?

स्विचमधली केस रेजेक्स (अक्षरांचा नमुना) असते आणि ती पूर्ण किमतीला जुळावी लागते. टॅगच्या आत शब्दाच्या मागेपुढे एखादी नवी ओळ किंवा स्पेस असेल तर गडबड होते, म्हणून एक्सपाथला नॉर्मलाइज-स्पेसमध्ये गुंडाळून टाका. आणि शक्य असेल तर बॉडी उघडूच नका. पोर्टल दोन्ही पॉलिसींसाठी वेगळं ऑपरेशन वापरत असेल, तर सोप-अ‍ॅक्शन हेडर बघून वाट ठरवता येते. मेसेज पार्स करायचा खर्च वाचतो, मोठ्या अटॅचमेंट असतील तर बराच वाचतो. फक्त सोप १.१ मध्ये त्या हेडरची किंमत दुहेरी अवतरणचिन्हांसकट येते. चिन्हं न काढता तुलना केली की परत डिफॉल्ट.

एक्सएसएलटीचा घोटाळाही त्याच घराण्यातला आहे, फक्त लक्षण वेगळं. एक्सएसएलटीत काही नियम तुम्ही न लिहिताच अंगभूत असतात: एखाद्या नोडला तुमचं कुठलंच टेम्प्लेट जुळलं नाही तर त्याच्या पोटात शिरायचं, आणि मजकूर सापडला की तो जसाच्या तसा बाहेर काढायचा. त्यामुळे 'टॅग नाहीत, किमती चिकटलेल्या' हे रूप दिसलं की समजायचं, आपलं एकही टेम्प्लेट चाललेलं नाही. डॉक्टर जीभ बघून सांगतात तसं हे मी आउटपुट बघून सांगतो. स्टाइलशीटमध्येही प्रीफिक्स जाहीर करून प्रत्येक मॅचमध्ये तो वापरा.

इथे डब्ल्यूएसओटूची, म्हणजे खरं तर तिच्या पोटातल्या सिनॅप्स या इंजिनाची, एक खोड आहे. एक्सएसएलटी मीडिएटरला स्रोत सांगितला नाही तर तो पूर्ण एन्व्हलप (सोपचं बाहेरचं पाकीट) देत नाही, सोप बॉडीतलं पहिलं मूल तेवढं देतो. तुम्ही सोप-यूआय या चाचणीच्या साधनातून सेव्ह केलेल्या पूर्ण मेसेजवर स्टाइलशीट तपासली असेल, आणि ती एन्व्हलपपासून सुरू होत असेल, तर बाहेर सगळं हिरवं आणि बसमध्ये सगळं रिकामं. मी नेहमी बॉडीतल्या मुलासाठीच स्टाइलशीट लिहितो आणि पाकिटाचं काम बसवर सोडतो.

हे दुरुस्त झालं की पुढचा दगड बहुधा हा लागेल: बाहेर पडणाऱ्या मेसेजमध्ये बाहेरचा टॅग बरोबर नेमस्पेसमध्ये, पण आतल्या टॅगवर रिकाम्या नेमस्पेसची घोषणा चिकटलेली. बघणाऱ्याला वाटतं कचरा आहे, रिप्लेस करून काढून टाकू. काढू नका. तुम्ही बाहेरचा टॅग एका टेम्प्लेटमध्ये नेमस्पेससकट बनवलात आणि आतले टॅग दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये नेमस्पेसशिवाय, असं प्रोसेसर प्रामाणिकपणे सांगतोय. नव्या सिस्टिमची डिफॉल्ट नेमस्पेस स्टाइलशीटच्या मुळावर एकदाच जाहीर करा, सगळ्या टेम्प्लेटना ती मिळते.

४१५ कडे वळू. त्याचा अर्थ समोरच्याने मेसेज वाचलेलाही नाही, नुसता कंटेंट-टाइप बघून दार लावलं. सोप १.१ चा कंटेंट-टाइप टेक्स्ट-एक्सएमएल असतो. सोप १.२ हे डब्ल्यूथ्रीसीने २००३ साली मानक केलं, त्यात तो अ‍ॅप्लिकेशन सोप-प्लस-एक्सएमएल झाला आणि सोप-अ‍ॅक्शनचं वेगळं हेडर जाऊन ती गोष्ट कंटेंट-टाइपचाच एक पॅरामीटर झाली. तुम्ही कदाचित प्रॉपर्टी मीडिएटरने कंटेंट-टाइप हाताने बदलून बघितला असेल. तसं केलं की ४१५ जाऊन व्हर्जन-मिसमॅचचा फॉल्ट येतो, कारण शिक्का नवा मारला पण पाकीट जुनंच राहिलं: एन्व्हलपची स्वतःची नेमस्पेस दोन्ही आवृत्त्यांत वेगळी आहे. हे हाताने करायचं कामच नाही. नव्या सिस्टिमच्या एंडपॉइंटवर फॉरमॅट म्हणून सोप १.२ लिहा, बस एन्व्हलपही बदलते आणि हेडरही.

परतीच्या वाटेवर फॉल्टचं काय होतं तेही बघा, कारण तिथे कुणी बघत नाही. सोप १.१ च्या फॉल्टमध्ये फॉल्टकोड आणि फॉल्टस्ट्रिंग हे टॅग नेमस्पेसशिवाय असतात. म्हणजे वर ज्या चुकीवर एवढं बोललो ती इथे चूक नाही. इथे खरोखरच आडनाव नसलेला माधव आहे. सोप १.२ मध्ये तेच कोड आणि रीझन होतात, पोटात व्हॅल्यू आणि टेक्स्ट, आणि सगळे नेमस्पेससकट. पोर्टल एकाच प्रकारचा फॉल्ट समजतं, तेव्हा दुसऱ्याचं रूपांतर तुम्हालाच करावं लागेल. एचटीटीपी ५०० आला की बॉडी फेकून 'सर्व्हिस उपलब्ध नाही' असं छापणारे फ्लो मी मोजायचे सोडून दिलेत. आत स्पष्ट लिहिलेलं असतं की इंजिन नंबर चुकलाय.

मेसेजवर डिजिटल सही असेल तर एक लक्षात ठेवा: बॉडीत एक अक्षर बदललं की सही मोडते. बसने आधी सही तपासायची, रूपांतर करायचं, आणि पुढे स्वतःच्या किल्लीने नवी सही करायची. तसंच सुरक्षेचं हेडर 'समजलंच पाहिजे' अशी खूण घेऊन पुढे गेलं आणि मागच्या सिस्टिमला ते समजत नसेल, तर ती नियमाप्रमाणे फॉल्ट देते. तपासून झालेलं हेडर काढून टाका.

नावांच्या प्रश्नचिन्हांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्ये हे कुणी आपल्यासाठी लिहीत नाही.

बिघाडाची दोन रूपं असतात आणि ती एकमेकांत मिसळू नका. एका रूपात देवनागरीच्या जागी रोमन ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चलनाचं गोल चिन्ह, असा कचरा वारंवार दिसतो. तिथे माहिती शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट (हेक्समध्ये) कायम ई०. ते बाइट कुणीतरी लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचलेत, एवढंच. दुसऱ्या रूपात साधी प्रश्नचिन्हं असतात. तिथे माहिती मेली. देवनागरी ज्यात मावतच नाही अशा एन्कोडिंगमध्ये कुणीतरी ती लिहायला गेलं, आणि जावाने प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह ठेवलं. 'गणेश' नाव घ्या. डोळ्यांना अक्षरं तीन दिसतात, प्रश्नचिन्हं चार येतात, कारण णवरची मात्रा हे वेगळं चिन्ह आहे. चार मोजलीत तर समजा, वाचताना अजून सगळं ठीक होतं आणि पुढे लिहिताना घात झाला. बारा मोजलीत तर बाइट आधीच सुटे झाले होते आणि कुणीतरी त्यांना एकेक करून मारलं.

आणि हे मोटारीतच का? कारण मोटारीची सिस्टिम सोप १.१ ची, तिचा कंटेंट-टाइप टेक्स्ट-एक्सएमएल. २००१ सालच्या आरएफसी ३०२३ (इंटरनेटच्या मानकांपैकी एक) चा नियम असा होता की टेक्स्ट-एक्सएमएलसोबत चारसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) सांगितला नसेल तर मजकूर यूएस-आस्की (नुसती इंग्रजी अक्षरं) समजायचा, मग एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेलं असो वा नसो. २०१४ च्या आरएफसी ७३०३ ने तो नियम काढला, पण तुमची जुनी सिस्टिम त्याआधीची दिसते, आणि ती आपल्या काळच्या नियमाने वागतेय. तिच्याकडे जाणाऱ्या कंटेंट-टाइपमध्ये चारसेट यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. त्याने गेलं नाही तर बसच्या स्वतःच्या स्क्रिप्ट मीडिएटरमध्ये किंवा कस्टम क्लासमध्ये एन्कोडिंग न सांगता स्ट्रिंगचे बाइट केलेत का ते शोधा. जावा १८ च्या आधीच्या आवृत्त्यांत विंडोजच्या लॅपटॉपवर आणि लिनक्सच्या सर्व्हरवर तो कोड वेगळा वागतो, आणि 'माझ्याकडे चालतंय' हे वाक्य तिथूनच जन्माला येतं.

पोचलेलं नाव अर्धवट कापलं जात असेल तर डेटाबेसचा कॉलम बाइटमध्ये मोजलाय. तीस बाइटच्या कॉलममध्ये देवनागरीची दहाच चिन्हं मावतात, म्हणजे 'विश्वनाथ' कसाबसा बसतो, आडनाव दारातच.

त्याहून छळवादी प्रकार 'कऱ्हाडकर'. यातला ऱ्ह तीन तऱ्हेने टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, र आणि खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे. बाइट मोजा: पहिल्यात चोवीस, उरलेल्या दोन्हींत सत्तावीस. पोर्टलच्या कीबोर्डवरून एक आला आणि जुन्या सिस्टिमच्या मास्टरमध्ये दुसरा असला, की 'ग्राहक सापडला नाही'. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला करत नाही. तो र-हलन्त-जोडक बघून तुम्हालाच ऱ वर आणावा लागतो. एक्सएसएलटी १.० मध्ये हे करू नका, एक छोटा क्लास मीडिएटर लिहा.

रूपांतराचे आकडे आणि तारखा तुम्ही विचारल्या नाहीत, पण ते येणारच. 'एक लाख पंचवीस हजार' पोर्टलने स्वल्पविरामांसकट पाठवले तर एक्सपाथचं नंबर फंक्शन त्याला संख्या मानत नाही, एनएएन ('संख्या नाही') देतं, आणि पुढच्या बेरजाही एनएएन. स्वल्पविराम आधी काढा. पॉलिसी नंबर शून्यांनी सुरू होत असेल आणि कधी जेसनमध्ये रूपांतर करायची वेळ आली, तर तो स्ट्रिंगच राहतोय ना हे बघा. आपोआप संख्या झाला की सुरुवातीची शून्यं गेली. तारखेचं तर एकदा मार्च अखेरीसच भोगलंय. १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या पॉलिसीची तारीख मध्यरात्रीची वेळ लावून गेली, पलीकडचा सर्व्हर यूटीसीवर. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून तिथे ती ३१ मार्च संध्याकाळी साडेसहा झाली, वेळ कापून तारीख ठेवली गेली, आणि हप्ता मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसला. नुसती तारीख हवी असेल तिथे नुसती तारीखच पाठवा.

कालमर्यादांची उतरंड नीट रचा: सगळ्यात आतल्या सिस्टिमची सगळ्यात कमी, बसची तिच्याहून जास्त, पोर्टलची बसहून जास्त. उलटी रचली की काय होतं ते एका ग्राहकाकडे पाहिलंय. बस तीस सेकंदांनी कंटाळली, मागच्या सिस्टिमने चाळिसाव्या सेकंदाला पावती फाडली, पोर्टलने दरम्यान तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, आणि माणसाच्या खात्यातून हप्ता दोनदा गेला. पैसे हलवणाऱ्या ऑपरेशनवर बसकडून आपोआप पुन्हा प्रयत्न बंद ठेवा. पोर्टलने प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक द्यावा, आणि तो आधी आलेला असेल तर मागच्या सिस्टिमने जुनीच पावती परत द्यावी. हे बसमध्ये करायचा मोह होतो, पण पावती फाडली की नाही हे बसला माहीत नसतं.

तोच मोह राउटिंगमध्ये पुढे वाढतो. आज 'मोटार की आरोग्य', पुढच्या महिन्यात 'मोटार, पण गाडी पंधरा वर्षांहून जुनी असेल तर', मग 'आणि शाखा अमुक असेल तर'. विम्याचे नियम एक्सपाथमध्ये लिहिलेले मी पाहिलेत. ते वाचू शकणारा एकच माणूस होता आणि तो नोटीस पिरियडवर होता. बसने एका टॅगवरून वाट ठरवावी. तो टॅग भरायला डोकं लागत असेल तर ते डोकं पोर्टलमध्ये किंवा वेगळ्या सर्व्हिसमध्ये चालू दे. सगळ्यांसाठी एकच मधला कॅनॉनिकल साचा बनवायचा का, हा प्रश्नही निघेल. सहा सिस्टिम सगळ्या एकमेकींशी बोलणार असतील तर तीस रूपांतरांऐवजी बारांत भागतं, तेव्हा हिशोब पटतो. तुमच्या दोन सिस्टिमसाठी तो साचा ठरवायच्या बैठकीच जास्त महाग पडतील.

दुरुस्त्या या क्रमाने करा: आधी स्विच, मग एक्सएसएलटी, मग एंडपॉइंटचा फॉरमॅट, मग चारसेट. एकावेळी एकच, आणि प्रत्येकीनंतर वायर लॉग. सोबत नमुन्यांचं एक फोल्डर बनवा: वायर लॉगमधून उचललेले खरे मेसेज, नावं-नंबर बदलून, आणि प्रत्येकाशेजारी अपेक्षित आउटपुट. स्टाइलशीट बसच्या बाहेर त्या फोल्डरवर चालवता आली पाहिजे, डिप्लॉय न करता, काही सेकंदांत. त्यासाठी एक्सएसएलटी-प्रॉक हा छोटा प्रोग्रॅम पुरेसा आहे, फक्त तो १.० पुरताच चालतो, २.० चं काही वापरलं असेल तर सॅक्सन घ्या. फोल्डरमधली पहिली फाइल मोटारीची ठेवा, ग्राहकाचं आडनाव कऱ्हाडकर, पॉलिसी सुरू १ एप्रिल, विम्याची रक्कम स्वल्पविरामांसकट सव्वा लाख.